ताळेबंदापासून शाश्वतता अहवालापर्यंत : टाटा स्टीलच्या जाहीर हिशेबाचा इतिहास (१९०७ ते २०२५)

प्रस्तावना

इतिहासाचा अभ्यासक दप्तरे, ताम्रपट, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे यांकडे साधने म्हणून पाहतो. कंपनीचा वार्षिक अहवाल मात्र तो वाणिज्य विभागाकडे सोडून देतो. वाणिज्याचा अभ्यासक त्याच अहवालातील नफा, घसारा व राखीव निधी तपासतो; परंतु तो दस्तऐवज कोणत्या काळात, कोणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिला गेला, हा विचार आपल्या विषयाबाहेरचा मानतो. दोन विभागांमधील या भिंतीमुळे औद्योगिक भारताचे एक महत्त्वाचे साधन अर्धेच वाचले जाते.

‘ताळेबंद’ हा शब्द मराठी दप्तरव्यवहारात जुना आहे. गावाचा हिशेब कुलकर्णी लिहीत असे. तो तपासण्याचा अधिकार सरकारचा होता, ज्या रयतेच्या श्रमातून ते आकडे उभे राहत तिचा नव्हता. आधुनिक कंपनीच्या हिशेबालाही हाच प्रश्न विचारावा लागतो. हिशेब नुसता लिहिला जात नाही, तो कोणाला तरी दिला जातो. तो मागण्याचा अधिकार कोणाला आहे, यावर त्यात काय लिहिले जाईल आणि काय गाळले जाईल हे ठरते.

प्रस्तुत लेखात टाटा आयर्न अँड स्टील कंपनी (२००५ पासून टाटा स्टील लिमिटेड) या एका मोठ्या उत्पादक कंपनीच्या आर्थिक व सामाजिक-पर्यावरणीय अहवालांच्या वाटचालीचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. ही कंपनी निवडण्याचे कारण असे की, तिचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक काळाचा व सलग आहे. कारखाना झारखंडात असला तरी तिची नोंदणी, मुख्य कचेरी व भागधारकांचा मूळ पाया मुंबईचा आहे. कंपनीची स्तुती वा निंदा हा लेखाचा हेतू नाही. अहवाल देण्याची पद्धत कशी बदलली, ती कोणामुळे बदलली आणि या बदलात कोण बाहेर राहिले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

भांडवल आणि पहिले हिशेबदार

१९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाविषयी जमशेटजी टाटांना कळविले. त्याच वर्षी जमशेटजींचे निधन झाले आणि पुढील जबाबदारी दोराबजी टाटांकडे आली. लंडनच्या बाजारात अपेक्षित भांडवल मिळेना, तेव्हा १९०७ मध्ये भागविक्रीचे आवाहन मुंबईत करण्यात आले. स्वदेशीच्या भराचा तो काळ होता. सुमारे १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल जवळपास आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत उभे केले. १९१२ च्या फेब्रुवारीत साकची येथे पोलादाचा पहिला ठोकळा तयार झाला.

ही घटना राष्ट्रीय अभिमानाचा विषय म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. हिशेबाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. आठ हजार अनोळखी माणसांचा पैसा एका दूरच्या जंगलातील कारखान्यात गुंतला. त्यांच्यापैकी बहुतेकांना साकची कधी दिसणार नव्हती. कारखाना त्यांना दिसणार होता तो छापील ताळेबंदातून. वार्षिक अहवालाचा पहिला वाचक तो हा, कारखान्यापासून दूर असलेला आणि पैशाच्या नात्याने बांधलेला भागधारक.

या वाचकाचा अधिकार कायद्याने हळूहळू पक्का केला. १९१३ च्या भारतीय कंपनी कायद्याने सार्वजनिक कंपन्यांचे लेखापरीक्षण बंधनकारक केले. १९३६ च्या दुरुस्तीने ताळेबंदाबरोबर नफा-तोटा पत्रकही सभेपुढे ठेवणे आवश्यक ठरले. १९५६ च्या कायद्याने सहाव्या परिशिष्टात ताळेबंदाचा नमुनाच ठरवून दिला. आपण ज्याला आर्थिक अहवाल म्हणतो तो अशा रीतीने सुमारे पन्नास वर्षांत घडला. त्याची विश्वासार्हता कंपनीच्या सचोटीवर सोडलेली नव्हती. बाहेरचा परीक्षक, ठराविक नमुना आणि चुकल्यास शिक्षा अशा तीन आधारांवर ती उभी होती.

साकचीत मात्र आणखी दोन समूह होते : जमिनीवर पूर्वीपासून राहणारे आणि भट्टीवर काम करणारे. पहिल्यांचा या हिशेबाशी काही संबंध मानलेला नव्हता. दुसऱ्यांसाठी कंपनीने केलेल्या सोयींची यादी प्रसिद्ध आहे. १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस, १९१५ मध्ये मोफत वैद्यकीय मदत, १९२० मध्ये भरपगारी रजा व भविष्य निर्वाह निधी, १९२८ मध्ये प्रसूतीलाभ, १९३४ मध्ये नफ्यातील वाटा. यांतील अनेक गोष्टी कायद्याने येण्यापूर्वी दशकानुदशके तेथे आल्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले आणि दीनबंधू अँड्र्यूज व सुभाषचंद्र बोस यांना कामगार संघटनेचे नेतृत्व करावे लागले, हेही तितकेच खरे आहे. सोयींची यादी कंपनी स्वतः सांगत होती, संपाची कारणे कामगार सांगत होते. या दोन कथनांना एका कागदावर आणणारी व्यवस्था तेव्हा नव्हती.

संरक्षण मागितले, हिशेब द्यावा लागला

भागधारकांच्या पलीकडे हिशेब देण्याचा पहिला मोठा प्रसंग १९२३-२४ मध्ये आला. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले, परदेशी माल स्वस्तात येऊ लागला आणि विस्तारासाठी घेतलेल्या कर्जाचा बोजा असह्य झाला. दोराबजींनी स्वतःची मालमत्ता तारण ठेवून कंपनी सावरली, ती याच काळात. कंपनीने सरकारकडे संरक्षक जकातीची मागणी केली. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय टॅरिफ बोर्डापुढे तिला उत्पादनखर्चाचे तपशील मांडावे लागले व त्यावर उलटतपासणीस सामोरे जावे लागले. १९२४ मध्ये पोलाद उद्योग संरक्षण कायदा संमत झाला.

या प्रसंगाचे महत्त्व अर्थशास्त्राच्या पुस्तकांत जकातीच्या दृष्टीने सांगितले जाते. येथे त्याचे दुसरे अंग लक्षात घ्यावयाचे आहे. जकातीमुळे पोलाद महाग होणार होते. तो भार शेतकऱ्याच्या नांगरापासून पुलाच्या तुळईपर्यंत सर्वांवर पडणार होता. म्हणून सर्वसाधारण जनतेच्या वतीने बोर्डाने विचारले की, एक टन पोलाद तयार करण्यास नेमका किती खर्च येतो आणि तो इतका का येतो? एरवी कोणतीही कंपनी गुप्त ठेवील असे आकडे अशा रीतीने छापील झाले. कंपनी समाजाकडे काही मागते तेव्हा समाजाला हिशेब मागण्याचा अधिकार मिळतो, हे तत्त्व येथे व्यवहारात दिसले. भागधारक भांडवल देतो म्हणून विचारतो. समाज जमीन, पाणी, खनिज, सवलत आणि संरक्षण देतो, म्हणून त्यानेही विचारावे.

हे तत्त्व सर्वांना सारखे लागू झाले नाही. याच सुमारास, १९२१ पासून, मुळशीच्या खोऱ्यात टाटा समूहाच्याच वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह चालू होता. त्या कंपनीला मावळ्यांची जमीन हवी होती. परंतु मावळ्यांपुढे उभे राहून हिशेब द्यावा असे कोणतेही बोर्ड नेमले गेले नाही. विचारणाऱ्याची पत कमी असली की प्रश्नही कमी पतीचा ठरतो.

१९७९-८० : बाहेरच्यांनी केलेली तपासणी

१९७० मध्ये कंपनीने आपल्या नियमावलीत ३-अ हे कलम घातले. ग्राहक, कर्मचारी, भागधारक, समाज आणि स्थानिक जनता यांच्याविषयी कंपनीची सामाजिक व नैतिक जबाबदारी आहे, असे त्यात नमूद केले. नियमावलीत असे शब्द लिहिणे ही सद्भावना होती. तथापि सद्भावनेचे मोजमाप होत नाही तोवर ती प्रस्तावनेतच राहते.

पुढील दशकात वातावरण बदलले. १९७७ नंतर जनता सरकारच्या काळात कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाची चर्चा झाली. कंपनी व मक्तेदारी कायद्यांचा फेरविचार करण्यासाठी न्या. राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७८ च्या अहवालात, संचालकांच्या अहवालाबरोबर सामाजिक अहवालही द्यावा, अशी शिफारस केली. अशा पार्श्वभूमीवर १९७९ मध्ये जे. आर. डी. टाटा अध्यक्ष असताना कंपनीने एक समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश न्या. एस. पी. कोतवाल, राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी आणि अहमदाबादचे शिक्षणतज्ज्ञ व संसदपटू पु. ग. मावळंकर हे तिचे सदस्य होते. कलम ३-अ मधील जबाबदाऱ्या कंपनीने कितपत पार पाडल्या, याची तपासणी करणे हे तिचे काम होते. तिचा अहवाल १९८० मध्ये आला. भारतातील खासगी उद्योगाचे हे पहिले सामाजिक लेखापरीक्षण मानले जाते.

या उपक्रमाच्या मर्यादा उघड आहेत. समिती कंपनीनेच नेमली होती, तपासणीचा विषय कंपनीनेच ठरविला होता आणि राष्ट्रीयीकरणाच्या चर्चेच्या काळात समाजापुढे आपली बाजू मांडणे कंपनीच्या हिताचेही होते. तरीही त्यातील एक गोष्ट पुढच्या काळातील कित्येक गुळगुळीत अहवालांपेक्षा मोलाची आहे. कंपनीने आपल्या चांगुलपणाचा निर्णय स्वतः दिला नाही. न्यायाधीश, राज्यशास्त्रज्ञ आणि लोकप्रतिनिधी या तिघांपैकी कोणीही कंपनीचा नोकर नव्हता वा हिशेबनीस नव्हता. आर्थिक लेखापरीक्षणामागील ‘बाहेरचा माणूस’ हे तत्त्व सामाजिक क्षेत्रात प्रथमच आणले गेले.

सच्चर समितीची शिफारस मात्र कायद्यात उतरली नाही. त्यामुळे टाटांचा प्रयोग हा उद्योगजगताचा प्रघात न बनता एका कंपनीचा मोठेपणा म्हणून शिल्लक राहिला.

भोपाळनंतर : नवे कागद, नवे वाचक

डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेने कारखान्याच्या कुंपणाबाहेरील माणूस प्रथमच कायद्याच्या नजरेत आला. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला देण्याचे बंधन आले. १९८८ च्या नियमांनी ऊर्जाबचतीचा तपशील संचालकांच्या अहवालात आणला. १९९२ मध्ये, ज्या उद्योगांना प्रदूषण नियंत्रण कायद्यांखाली संमती घ्यावी लागते त्यांनी दरवर्षी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला पर्यावरणविषयक विवरणपत्र सादर करावे, असा नियम झाला.

येथे एक तपशील बारकाईने पाहण्याजोगा आहे. ताळेबंद भागधारकाच्या घरी टपालाने जात असे, तर पाणी किती वापरले आणि घातक कचरा किती निघाला हे सांगणारे विवरणपत्र मंडळाच्या कचेरीत जात असे. ज्याच्या विहिरीत ते पाणी मुरत होते त्याच्या हाती ते पडण्याची व्यवस्था नव्हती.

याच काळात परदेशात नव्या कल्पना रूढ होत होत्या. १९९४ मध्ये जॉन एल्किंग्टन यांनी नफा, माणसे आणि पृथ्वी अशा तिहेरी हिशेबाची कल्पना मांडली. १९९७ मध्ये बोस्टन येथे ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह या उपक्रमाची सुरुवात झाली व २००० मध्ये त्याची पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच या तत्त्वांना अनुसरून स्वतंत्र शाश्वतता अहवाल काढणाऱ्या मोजक्या भारतीय कंपन्यांत टाटा स्टीलचा समावेश होतो. पुढे २०१५-१६ पासून तिने आर्थिक व शाश्वतताविषयक माहिती एकाच एकात्मिक अहवालात देण्यास प्रारंभ केला.

भारतीय नियमनाची पावलेही त्यानंतर वेगाने पडली. २०११ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०१२ मध्ये सेबीने पहिल्या १०० सूचिबद्ध कंपन्यांना व्यावसायिक जबाबदारी अहवाल बंधनकारक केला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्यास सांगितले. २०२१ मध्ये सेबीने जबाबदारी व शाश्वतता अहवालाचा नवा नमुना आणला. तो पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बंधनकारक झाला. २०२३ मध्ये त्यातील निवडक निर्देशकांवर बाहेरच्या तपासनिसाची खात्री घेण्याची अट टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली, तर २०२५ मध्ये खात्रीऐवजी ‘मूल्यमापन’ हा तुलनेने सौम्य पर्यायही देण्यात आला. १९१३ मध्ये पैशाच्या हिशेबासाठी जे तत्त्व स्वीकारले गेले, त्याच्या जवळपास पोहोचण्यास पाणी, कार्बन आणि अपघात यांच्या हिशेबाला एकशे दहा वर्षे लागली.

एक महिना, दोन भट्ट्या

आकडे वाढले म्हणजे आकलन वाढतेच असे नाही. याचे एक उदाहरण घेता येईल. २००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस ही अँग्लो-डच कंपनी विकत घेतली आणि वेल्समधील पोर्ट टॅल्बटचा कारखाना तिच्याकडे आला. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे विद्युत भट्टी उभारण्याची १२५ कोटी पौंडांची योजना जाहीर झाली. त्यांपैकी ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकारचे होते. जानेवारी २०२४ मध्ये, ब्रिटनमध्ये २,८०० पर्यंत नोकऱ्या जाण्याची शक्यता कंपनीने सांगितली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी पोर्ट टॅल्बटची शेवटची झोतभट्टी थंड झाली.

ही एकच घटना अहवालाच्या तीन पानांवर तीन रूपांत उमटते. आर्थिक पानावर ती तरतूद आणि मालमत्तेच्या मूल्यघटीच्या रूपाने येते. २०२३-२४ मधील सुमारे ४,९०० कोटी रुपयांच्या एकत्रित तोट्यात ब्रिटनमधील पुनर्रचनेचा मोठा वाटा होता, तर केवळ भारतीय कंपनीच्या स्वतंत्र लेख्यांत नफाच होता. पर्यावरणाच्या पानावर तीच घटना कार्बन उत्सर्जनातील घट म्हणून शुभवार्ता ठरते. मनुष्यबळाच्या पानावर ती कर्मचारीसंख्येतील बदल होते.

याच सप्टेंबर २०२४ मध्ये ओडिशातील कलिंगनगर येथे कंपनीने एक नवी झोतभट्टी सुरू केली. ती देशातील सर्वांत मोठी असल्याचे सांगण्यात आले. तीस लाख टनांवरून ऐंशी लाख टनांपर्यंत क्षमता नेण्याच्या विस्ताराचा तो भाग होता. एका खंडात कोळशावरील भट्टी बंद आणि दुसऱ्या खंडात सुरू. विकसनशील देशाला पोलाद हवे आहे, हे समर्थन खोटे नाही. आणि २०४५ पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय कंपनीने जाहीर केलेले आहे. परंतु एकत्रित आकडा वाचताना तो कोणत्या सीमेपर्यंतचा आहे, प्रतिटन आहे की एकूण आहे, हे दोन प्रश्न वाचकाने विचारलेच पाहिजेत. प्रतिटन उत्सर्जन कमी होत असताना एकूण उत्सर्जन वाढू शकते आणि दोन्ही आकडे खरे असू शकतात.

जे रकान्यात बसत नाही

कलिंगनगरचे नाव इतिहासात आणखी एका तारखेशी जोडलेले आहे. २ जानेवारी २००६ रोजी तेथील नियोजित पोलाद कारखान्याच्या कुंपणभिंतीचे काम सुरू होताना विस्थापनाला विरोध करणारे आदिवासी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. पोलिसांच्या गोळीबारात दहाहून अधिक आदिवासींचा मृत्यू झाला. एक पोलीसही मारला गेला. जमीन राज्य सरकारच्या औद्योगिक महामंडळाने पूर्वीच संपादन केलेली होती आणि गोळीबार पोलिसांचा होता. त्याच वर्षी ओडिशा सरकारने नवे पुनर्वसन धोरण जाहीर केले. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, तेथे व्यावसायिक उत्पादन सुरू झाले.

ही घटना कोणत्या रकान्यात लिहावयाची? कारखान्यातील अपघातांच्या प्रमाणात ती बसत नाही, कारण मृत कर्मचारी नव्हते. सामाजिक खर्चात ती येत नाही, कारण तो खर्च नव्हे. संपादनापोटी दिलेला मोबदला आकड्यात येतो. मोबदला अपुरा आहे असे म्हणणाऱ्याचे म्हणणे येत नाही. आजच्या नमुन्यांत पुनर्वसित कुटुंबांची संख्या व तक्रार निवारण यांविषयी प्रश्न आहेत, ही प्रगतीच आहे. तथापि त्या प्रश्नांची उत्तरे कंपनीच लिहिते आणि ती प्रामुख्याने गुंतवणूकदार वाचतो. विस्थापित माणूस अहवालाचा विषय झाला. तो अहवालाचा वाचक झालेला नाही आणि तपासनीस तर नाहीच.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. कंपनीच्या अहवालाचा विस्तार तिच्या इच्छेने जितका झाला त्याहून अधिक तो विचारणाऱ्यांच्या अधिकाराने झाला. भागधारक, टॅरिफ बोर्ड, १९७० च्या दशकातील राजकारण, भोपाळ आणि जागतिक गुंतवणूकदार यांनी प्रत्येक वेळी एकेक पान वाढविले.

२. आर्थिक आकड्यांना जी विश्वासार्हता आली ती बाहेरचा परीक्षक, ठराविक नमुना व शिक्षा यांमुळे आली. शाश्वततेच्या आकड्यांना नमुना मिळाला आहे. परीक्षक व शिक्षा ही अंगे अद्याप दुबळी आहेत.

३. १९७९-८० चे सामाजिक लेखापरीक्षण हे केवळ स्मरणरंजनाचे प्रकरण नाही. हिशेबतज्ज्ञांपलीकडील स्वतंत्र व्यक्तींनी कंपनीची तपासणी करावी, हा त्यातील विचार आजच्या खात्रीपत्रांच्या व्यवस्थेला पूरक ठरू शकतो. अशा समितीत स्थानिक जनतेचा प्रतिनिधी घेतला, तर १९७९ मध्ये राहिलेली उणीवही भरून निघेल.

४. अहवाल स्थानिक भाषेत आणि कारखान्यानिहाय उपलब्ध झाल्याखेरीज कुंपणाबाहेरील माणूस त्याचा वाचक होऊ शकत नाही. संपूर्ण समूहाचा एकत्रित आकडा गुंतवणूकदाराच्या उपयोगाचा आहे. गावाला आपल्या नदीचा आकडा हवा असतो.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही यातून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या परिसरातील औद्योगिक वसाहतींमध्ये मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांचे कारखाने असतात आणि त्यांचे अहवाल आज कोणालाही विनामूल्य पाहता येतात. इतिहास, वाणिज्य आणि पर्यावरणशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून अशा एखाद्या कंपनीचे दहा वर्षांचे अहवाल वाचून घ्यावेत आणि कारखान्याशेजारच्या वस्तीत जाऊन त्यांतील विधानांची पडताळणी करावी. त्यासाठी न्यायाधीशांची समिती नेमावी लागत नाही. हिशेब मागणारा तयार झाला की हिशेबाची भाषा बदलते, असे या शंभर वर्षांच्या इतिहासातून दिसते. तो मागणारा घडविणे हे काम महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे.